एक किलोचा 'स्वयम्'

टेंभी नाक्यावरच्या आमच्या कट्ट्यावर उपग्रहांचा विषय निघाला की चांद्रयान आणि मंगळयान हटकून येतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पोरांनी बनवलेला 'स्वयम्' मात्र फारसा कुणाला आठवत नाही. म्हणून आज त्याच्याविषयी.

हे कॉलेज १८५४ चं, म्हणजे ठाण्याला आगगाडी आली त्याच्या पुढच्या वर्षीचं! इथल्या विद्यार्थ्यांनी जेमतेम एक किलोचा, वीतभरही नसलेला चौकोनी उपग्रह तयार केला. काम होतं रेडिओवरून निरोप घ्यायचे आणि पोचवायचे. आता गंमत बघा. रॉकेटमधून सुटलेला उपग्रह गटांगळ्या खात असतो. त्याचा अँटेना भलतीकडे वळला तर निरोप कसा पोचणार? मोठ्या उपग्रहांत त्यासाठी फिरती चाकं असतात, पण त्यांना वीज लागते, जागा लागते. या पोरांनी आत चक्क एक चुंबक ठेवला. शाळेत आपण दोरीला टांगायचो तसाच, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे आपोआप वळणारा. नुसता चुंबक असता तर तो झोपाळ्यासारखा हेलकावत राहिला असता. म्हणून सोबत खास धातूच्या सळ्या. प्रत्येक हेलकाव्याला त्यांच्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जिरते आणि डोलणं हळूहळू थांबतं. मोटर नाही, विजेचा खर्च नाही. आपल्याकडच्या उपग्रहांत ही रीत नवीनच होती.

अडचण होती ती चाचणीची. उपग्रह हादऱ्यांत टिकतो का, निर्वात पोकळीतली थंडी आणि उष्णता सोसतो का, हे जमिनीवर तपासता येतं. पण तो अंतराळात स्थिर होईल का? चुंबकाचा जोर इतका नाजूक की जमिनीवर टांगला तर दोरीचा पीळ आड येतो, टेकवला तर घर्षण. शिवाय आसपासचं लोखंड घोटाळा करतंच. मग भरवसा ठेवायचा तो गणितावर. त्या गणिताला आधार जगभरातल्या वेधशाळांच्या नोंदींचा, आणि त्यात आपलं अलिबागही आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं हे काम १९०४ साली तिकडे हलवलं, आणि लोखंड टाळून तिथली इमारत बांधली. तेव्हाच्या त्या निरीक्षकांना उपग्रह ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता!

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३४ वीस उपग्रह घेऊन उडालं. त्यात 'स्वयम्' होता.

मला शिक्षक म्हणून सगळ्यात मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. या प्रकल्पाला सुमारे आठ वर्षं लागली, आणि अभ्यासक्रम चारच वर्षांचा. म्हणजे ज्यांनी सुरुवात केली ते उड्डाणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन बाहेर पडले होते. प्रत्येक तुकडीने आपल्या वह्या आणि आकडेमोड पुढच्या तुकडीच्या हाती दिली. ना त्यावर मार्क, ना परीक्षा. नाव 'स्वयम्', पण तो उडाला तो एकाने दुसऱ्याच्या हाती नीट सोपवलेल्या कामावर.

नातवंडांना हे जरूर सांगा.