गोधडी व तिच्या शिवणकलेचा प्रसार

गोधडी : जुन्या वस्त्रांचे थर एकावर एक अंथरून व ते धावदोऱ्याने एकजीव करून तयार केलेले अंथरूण वा पांघरूण. कोल्हापूरकडे तिला ‘वाकळ’, उत्तर कर्नाटकात ‘कौदी’, बंगालमध्ये ‘कांथा’, बिहारमध्ये ‘सुजनी’, तर सिंधमध्ये ‘रल्ली’ म्हणतात. रजईत पिंजलेला कापूस भरतात. गोधडीला ऊब मिळते ती कापडांच्या थरांमुळे.

महाराष्ट्रात गोधडीचे दर्शनी व खालचे आवरण सामान्यतः वापरून मऊ झालेल्या नऊवारी लुगड्यांचे असते. मधल्या थरांत धोतरे, सदरे, चोळ्या यांचे उपयोगी तुकडे पसरतात. शिवण बहुधा कडेपासून सुरू करून चारही बाजूंनी फिरवीत मध्याकडे नेतात. त्यामुळे कडा प्रथम पक्क्या होतात व मधले थर सरकत नाहीत.

भारतीय रजया व भरतकाम केलेली आच्छादने सोळाव्या व सतराव्या शतकांत पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत यूरोपात गेली. बंगालमधील सातगाव येथील आच्छादने त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होत. त्यांवर सुती कापडावर टसर रेशमाने शिकारीची दृश्ये व यूरोपीय कुलचिन्हे भरलेली आढळतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात त्यांचे नमुने जतन केलेले आहेत. मालाच्या या देवघेवीला संग्रहालयांत व इतिहासग्रंथांत स्थान मिळाले. सामान्य स्त्रियांबरोबर गावोगाव गेलेल्या शिवणकौशल्याची लेखी नोंद मात्र अभावानेच आढळते. त्याचा माग टाक्यांवरून व फिरस्त्या समाजांच्या परंपरांवरून घ्यावा लागतो.

उत्तर कर्नाटकात कौदी शिवण्याचे काम परंपरेने गोंधळी समाजातील स्त्रिया करीत आल्या आहेत. मराठी बोलणारा हा समाज तुळजापूरच्या भवानीचा उपासक. या स्त्रिया घरोघरी जाऊन, यजमानांच्याच जुन्या कपड्यांतून कौदी शिवून देत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड तालुक्यांत राहणाऱ्या सिद्दी समाजाचे उदाहरण अधिक दूरच्या प्रवासाचे आहे. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगिजांनी पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले होते व त्यांतील काही पळून या जंगलांत वसले. सिद्दी स्त्रियांची ‘कवंदी’ही कडेपासून मध्याकडे शिवली जाते. तिच्या चार कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचे छोटे चौकोन लावतात व त्यांना ‘फूल’ म्हणतात. फुलांवाचून कवंदी पूर्ण झाली, असे मानीत नाहीत. तिच्या रंगसंगतीत आफ्रिकी परंपरेचा अंश शोधला जातो. तथापि शिवण्याची पद्धत शेजारच्या समाजांसारखीच असल्याने ती परस्पर सहवासातून घडली असावी, असे मानणे सयुक्तिक ठरते.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके कोकण व घाटमाथा यांना जोडणाऱ्या जुन्या वाटांवर आहेत. मुरबाडमधून नाणेघाट व माळशेज घाट जुन्नरकडे, तर शहापूरमधून थळघाट नासिककडे जातो. नाणेघाटातील सातवाहनकालीन कोरीव लेख या वाटेच्या प्राचीनत्वाची साक्ष देतात. या भागातील अनेक कातकरी कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांवर कामासाठी जातात व पुढील पावसाळ्यापूर्वी परततात. अशा स्थलांतरात उचलून नेता येईल, घडी होईल व फाटल्यास वरून नवे ठिगळ लावता येईल, असे पांघरूण सोयीचे असते. सासरी जाणाऱ्या मुलीबरोबरही आईकडून शिकलेला टाका दुसऱ्या गावी जातो.

मुंबईत १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाल्यानंतर गिरणीचे कापड ग्रामीण भागातही पसरत गेले व गोधडीत त्याचे तुकडे येऊ लागले. पुढे कृत्रिम धाग्यांच्या साड्या रूढ झाल्या. त्या सुती लुगड्याप्रमाणे घाम शोषीत नाहीत. स्वस्त तयार ब्लँकेटांमुळेही घरोघरची शिवण कमी झाली. अलीकडे शहरांत मागणीनुसार गोधड्या शिवून घेतल्या जातात व कसबी स्त्रियांना त्यातून उत्पन्न मिळते. मात्र गोधडीवर शिवणारणीचे नाव क्वचितच असते. त्यामुळे जुन्या गोधड्या जतन करताना गाव, समाज व शिवण्याची रीत यांबरोबरच शिवणारणीचे नावही नोंदविणे अगत्याचे आहे. अन्यथा या कलेच्या प्रसाराचा हा एकमेव पुरावाही कापडाबरोबर झिजून जाईल.