शस्त्र आणि श्वास

वैद्यकाच्या इतिहासांत शस्त्रक्रिया आणि व्यायाम हे विषय सहसा निरनिराळ्या प्रकरणांत येतात. प्राचीन चीनमध्यें मात्र दोहोंचा मान एकाच पुरुषाकडे जातो. इ. स. २०८ च्या सुमारास त्साओ त्साओ या सत्ताधीशानें ज्याचा वध करविला, तो वैद्य हुआ तुओ हाच तो पुरुष होय. तिसऱ्या शतकांतील इतिहासकार चेन शौ सांगतो कीं, हुआ तुओ रोग्यास मादक औषध पाजून त्याचें पोट उघडी व दूषित भाग काढून टाकी. तोच आपल्या वू पू नामक शिष्यास वाघ, हरिण, अस्वल, वानर व पक्षी यांच्या हालचालींवर बेतलेला व्यायाम शिकवी. फिरत्या दाराची खुंटी कुजत नाहीं, तसेंच शरीराचें, ही त्याची उपपत्ति. नव्वदी उलटल्यावरही वू पूचे दांत शाबूत होते, असें चेन शौनें नमूद केलें आहे.

ही विद्या हुआ तुओच्याही पूर्वींची. चांगशाजवळ मावांगदुई येथील ख्रिस्तपूर्व १६८ च्या थडग्यांत १९७३ सालीं एक रेशमी पट सांपडला. त्यावर व्यायाम करणाऱ्या ४४ स्त्रीपुरुषांच्या आकृति असून कांहींखालीं रोगांचीं नांवें आहेत. पुढें सुंग काळांत ‘बादुआनजिन’, म्हणजे रेशमाचे आठ तुकडे, ही व्यायाममाला प्रसिद्धीस आली. हुआ तुओच्या वारशापैकीं शस्त्रविद्या लोपली, व्यायाम तेवढा टिकला. आणि त्याला अमरत्वाच्या आशेची जोड मिळाली.

फुफ्फुसाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया फार अलीकडची. ५ एप्रिल १९३३ रोजीं अमेरिकेंत सेंट लुई येथें एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांनीं अशा एका रोग्याचें डावें फुफ्फुस समूळ काढलें. रोगी पुढें सुमारें तीस वर्षें जगला. स्वतः ग्रॅहॅम १९५७ सालीं त्याच रोगानें वारले. शस्त्रवैद्याचें काम संपलें म्हणजे रोग्याचें सुरू होतें. वेदनेच्या भयानें तो उथळ श्वास घेतो. कफ सांचतो, त्या बाजूचा खांदा आखडतो. बादुआनजिनची पहिली क्रिया म्हणजे दोन्ही हात आकाशाकडे उचलणें. तीनें फासळ्या सावकाश उघडतात. जखम भरल्यावर, डॉक्टरांच्या अनुज्ञेनें, क्षीण मनुष्यासही ती झेपते.

परंतु या विद्येचा आधुनिक इतिहास सावधगिरीही शिकवितो. चित्रकार ग्वो लिन यांस १९४९ सालीं गर्भाशयाचा कर्करोग जडला. शस्त्रक्रियेनंतर त्यांनीं चालतां चालतां करावयाचा श्वसनाभ्यास रचिला आणि १९७० नंतर पेकिंगच्या उद्यानांत तो अनेक कर्करोग्यांस शिकविला. त्या १९८४ सालीं वारल्या. १९८० नंतर ‘छिगोंग’ या नांवाखालीं अद्भुत सामर्थ्याचे दावे माजले. या प्रकरणास राजकीय वळण लागून १९९९ मध्यें सरकारनें कठोर दडपशाही केली. आणि २००३ सालीं बादुआनजिनसह चार जुन्या व्यायाममाला सरकारी क्रीडाखात्यानें नव्यानें प्रसिद्ध केल्या.

आज जे प्रयोग झाले आहेत, त्यांपैकीं बरेच लहान आहेत. आपण कोणता उपचार घेत आहों हें रोग्यास ठाऊक असतें, ही अडचण निराळीच. थकवा, धाप व निद्रानाश यांत कांहीं उतार पडतो, असें त्यांतून दिसतें; गांठ विरते, असें सिद्ध झालेलें नाहीं. म्हणून जो गुरु या व्यायामासाठीं औषध सोडावयास सांगेल, त्याच्यापासून रोग्यानें दूर राहावें. हुआ तुओनें व्यायाम शिकविला, पण त्यासाठीं शस्त्र खालीं ठेविलें नव्हतें.