तोट्यातील विक्री (खाद्यपदार्थ)

तोट्यातील विक्री : मोठ्या दुकानांनी रोजच्या खपाची एखादी वस्तू खरेदीच्या भावात किंवा त्याहूनही कमी भावात विकण्याची पद्धत. व्यापारात अशा वस्तूला ‘लॉस लीडर’ म्हणतात. दूध, अंडी, पाव, साखर, केळी, भाजलेली कोंबडी या तिच्यातल्या नेहमीच्या वस्तू. मुदत संपत आलेला किंवा हंगाम सरलेला माल पडेल त्या भावाने काढून टाकणे या पद्धतीत मोडत नाही. तिथे दुकानदार अडकलेला पैसा मोकळा करत असतो. इथे तो हातोहात खपणाऱ्या मालावर जाणूनबुजून पदरमोड करतो.

कार्यपद्धती : दुकानातल्या हजारो वस्तूंपैकी मोजक्याच वस्तूंचे भाव गिऱ्हाइकाला तोंडपाठ असतात आणि दुकान स्वस्त की महाग हे तेवढ्यावरूनच ठरते. तोटा सोसायचा तो अशाच वस्तूंवर. वस्तू घरोघर लागणारी हवी आणि शक्यतो नाशवंत हवी, कारण टिकाऊ माल स्वस्त केला की आसपासचे छोटे दुकानदारच तो उचलून नेतात. साखर, तेल यांच्यावर ‘एका गिऱ्हाइकाला इतकेच नग’ अशी अट दिसते ती यासाठी. दुधासाठी आलेला माणूस बिस्किटे, सॉस, साबणही घेतो आणि हिशेब एका वस्तूचा न राहता अख्ख्या बिलाचा होतो. स्वस्त वस्तू बहुधा दुकानाच्या मागल्या भिंतीला ठेवतात. तिच्यापर्यंत जाण्यायेण्यात बाकीच्या फळ्या नजरेखालून जातात.

तोटा कोणाचा, हे बाहेरून सांगणे अवघड असते. अनेकदा सवलतीचा काही भाग उत्पादक कंपनी भरून देते. शिवाय खरेदीकिमतीत भाडे, वीज, पगार धरायचे की नाही यावर तोट्याचा आकडा बदलतो. कायद्याच्या बहुतेक वादांची मुळे इथे आहेत.

इतिहास : अमेरिकी किराणा व्यापारात या पद्धतीची सर्वांत स्पष्ट मांडणी मायकेल कलन याच्या पत्रात सापडते. क्रोगर या साखळी कंपनीत नोकरीला असताना त्याने वरिष्ठांना प्रचंड आकाराच्या, रोखीच्या, गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलायच्या दुकानाची योजना लिहून पाठवली. तिच्यात ३०० वस्तू खरेदीच्या भावात, २०० वस्तू ५ टक्के, ३०० वस्तू १५ टक्के आणि ३०० वस्तू २० टक्के चढवून विकायच्या होत्या. पहिल्या ३०० वस्तूंवर दमडीही सुटणार नव्हती. त्यांच्यापायी लोक दारे मोडून आत येतील, असा त्याचा होरा होता. क्रोगरने दखल घेतली नाही. कलनने नोकरी सोडली आणि ऑगस्ट १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, जमैका अॅव्हेन्यूवरच्या एका रिकाम्या गॅरेजमध्ये ‘किंग कलन’ हे दुकान उघडले. ते मंदीचे दिवस होते आणि दुकान तुफान चालले. १९३६ मध्ये कलनचा मृत्यू झाला. पहिल्या सुपरमार्केटचा मान त्यालाच द्यावा का यावर एकमत नाही. किमतींची उतरंड कागदावर इतकी नेटकी मांडणारा दस्तऐवज मात्र त्याचाच आहे. १९३० च्या दशकात छोट्या दुकानदारांच्या दबावाने अमेरिकेतील अनेक राज्यांनी खरेदीकिमतीखालच्या विक्रीवर निर्बंध घातले. विस्कॉन्सिनचा १९३९ चा कायदा त्यांपैकीच.

कॉस्टको : सभासद शुल्क घेऊन घाऊक पद्धतीने माल विकणाऱ्या या अमेरिकी कंपनीचे उदाहरण सर्वाधिक चर्चेत असते. तिच्याकडे हॉट डॉग आणि सोडा मिळून १.५० डॉलर हा भाव १९८५ पासून कायम आहे. महागाईच्या हिशेबाने तो आज चार डॉलरच्या वर गेला असता. भाव टिकवण्यासाठी कंपनीने बाहेरचा ब्रँड सोडून स्वतःच्या कारखान्यांत सॉसेज बनवायला घेतले. त्यामुळे हा पदार्थ खरोखर तोट्यात जातो की जेमतेम बरोबरीत सुटतो, याविषयी मतभेद आहेत.

भाजलेल्या कोंबडीबाबत चित्र अधिक स्पष्ट आहे. सुमारे तीन पौंडांची, तयार, गरम कोंबडी अमेरिकेत ४.९९ डॉलरला मिळते. इतरांनी भाव ५.९९ वर नेले तेव्हा आपण वर्षाला ३ ते ४ कोटी डॉलरचा नफा सोडून देणे पत्करले, असे कंपनीचे तत्कालीन वित्तप्रमुख रिचर्ड गॅलँटी यांनी २०१५ मध्ये सांगितले. २०१९ मध्ये नेब्रास्कातील फ्रीमाँट येथे कंपनीसाठी कोंबड्यांचा प्रकल्प सुरू झाला. त्यावर सुमारे ४५ कोटी डॉलर खर्च झाल्याचे प्रसिद्ध झाले. अंडी उबवण्यापासून खाद्य आणि कत्तलीपर्यंत सारे त्यात येते, पक्षी मात्र भोवतालचे शेतकरी करारावर वाढवतात. म्हणजे गिऱ्हाईक ओढण्यासाठी ठेवलेल्या एका पदार्थापायी एका प्रदेशाची शेती बदलली. तोट्यातील विक्रीचा अभ्यास दुकानाच्या चार भिंतींत संपवणे का चूक आहे, ते इथे दिसते.

हे सारे परवडते ते सभासद शुल्कामुळे. २०२४ च्या आर्थिक वर्षात शुल्कापोटी सुमारे ४.८ अब्ज डॉलर आले. त्या वर्षीचा निव्वळ नफा सुमारे ७.४ अब्ज डॉलर होता.

संशोधन : शिकागोतील डॉमिनिक्स या साखळीच्या स्कॅनर नोंदी अभ्यासकांना खुल्या झाल्याने या विषयाला पक्के आकडे मिळाले. शेव्हलिए, कश्यप आणि रॉसी यांनी २००३ मध्ये दाखवले की ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मांस वर्ज्य असल्याने ट्युना माशाच्या डब्यांची मागणी वाढते, आणि नेमका तेव्हाच त्यांचा भाव उतरतो. घट मुख्यतः दुकानदाराच्या नफ्यातली होती. सगळ्यांना हवी असलेली वस्तू स्वस्त केली तर जाहिरातीचा पैसा सर्वाधिक वसूल होतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. गर्दीच्या काळात गिऱ्हाइके स्वस्त ब्रँडकडे वळतात, त्यामुळेही सरासरी भाव उतरलेला दिसतो, असा आक्षेप नंतर घेण्यात आला. झिजुन चेन आणि पॅट्रिक रे यांचे २०१२ चे प्रतिपादन अधिक गंभीर आहे : छोटे दुकान ज्या मोजक्या वस्तूंवर जगते त्याच वस्तू मोठे दुकान तोट्यात विकते आणि भरपाई इतर वस्तूंवर, एकाच ठिकाणी सगळी खरेदी उरकणाऱ्यांकडून करते.

ऑस्ट्रेलियातील दूध : कोल्स कंपनीने २६ जानेवारी २०११ रोजी स्वतःच्या ब्रँडचे दूध लिटरला १ डॉलर केले. वूलवर्थ्स आणि इतरांनी लगोलग तोच भाव लावला. कमी झालेल्या किमतीचा भार आपण स्वतः उचलत आहोत, असे कोल्सचे म्हणणे होते; भाव एकदा पडला की पुढच्या करारात तो गोठ्यापर्यंत पोहोचतोच, असे दूध उत्पादक सांगत. त्याच वर्षी स्पर्धा आयोगाला यात प्रतिस्पर्धी संपवण्याचा हेतू असल्याचा पुरावा आढळला नाही. पण आयोग तपासत होता तो दुकानादुकानांतला व्यवहार. शेतकऱ्याच्या हाती काय पडले हा प्रश्न त्या चौकटीत मावणारा नव्हता, आणि या संपूर्ण प्रकरणात महत्त्वाचा तोच होता. व्हिक्टोरियातले बरेचसे दूध चीज, भुकटी, निर्यात यांकडे जाते. क्वीन्सलँडमधले मुख्यतः पिण्यासाठीच विकले जाते, त्यामुळे या भावाची झळ तिथे अधिक लागली. हा भाव आठ वर्षे टिकला. फेब्रुवारी २०१९ मध्ये वूलवर्थ्सने लिटरमागे १० सेंट वाढवून ते उत्पादकांना देण्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात कोल्सलाही मागे फिरावे लागले.

कायदा : जर्मनीच्या स्पर्धा विभागाने सप्टेंबर २००० मध्ये वॉलमार्ट, आल्डी नॉर्ड आणि लिडल यांना दूध, पीठ यांसारख्या वस्तूंचे भाव वाढवण्याचा आदेश दिला. सामान्य ग्राहकाला सरकारनेच भाव चढवायला लावावेत हे विचित्र वाटले, पण बलाढ्य दुकानाने खरेदीकिमतीखाली सातत्याने विकणे तिथल्या कायद्याला मान्य नाही. वॉलमार्ट २००६ मध्ये जर्मनीतून बाहेर पडली. त्याची कारणे अनेक होती.

फ्रान्समध्ये तोट्यातील विक्रीवर १९६३ पासून बंदी आहे. जानेवारी २०१८ मध्ये इंटरमार्शे साखळीने न्युटेलाची ४.५० युरोची बरणी १.४१ युरोला काढली, तेव्हा दुकानांत हाणामारी झाली आणि पुढे कंपनीला दंडही झाला. फेब्रुवारी २०१९ पासून खाद्यपदार्थ खरेदीकिमतीच्या किमान १० टक्के वर विकणे बंधनकारक झाले. वाढीव पैसा शेतकऱ्यापर्यंत पोहोचावा हा हेतू. तो किती पोहोचला, हे वादग्रस्त.

आयर्लंडमधील १९८७ चा असा निर्बंध २००६ मध्ये उठवला गेला.

भारत : स्वतंत्र कायदा नाही. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ४ खाली स्पर्धक हटवण्यासाठी खर्चाखाली विकणे गैर ठरते, पण विक्रेता बाजारात वर्चस्व असलेला असेल तरच. झटपट घरपोच किराणा देणाऱ्या कंपन्यांविरुद्ध अशाच विक्रीबद्दल वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली.