अंतःक्षेपणजन्य विद्रधी

सुईवाटे स्नायूंत किंवा त्वचेखाली औषध दिल्यानंतर त्या जागी पू साचून होणारे गळू. लोक यालाच ‘सुई पिकली’ म्हणतात. एडिनबरोचे अलेक्झांडर वुड व फ्रान्समधील शार्ल प्राव्हाज यांनी १८५३ च्या सुमारास पोकळ सुई व पिचकारी प्रचारात आणल्यापासून हा विकार वैद्यकाच्या पदरी पडला. आणि हिवतापावर क्विनीन नितंबात टोचण्याची चाल होती तोवर तो विशेष आढळे, कारण ते द्रव्यच इतके दाहक की जंतूंवाचूनही मांस कुजवीत असे.

जंतुजन्य प्रकारांत पुंजगोलाणू अग्रणी. त्यांचे गळू थोड्याच दिवसांत लाली, ठणका व ताप घेऊन उघड होते, म्हणून ते एका अर्थी प्रामाणिक होय. कपटी प्रकार निराळा : क्षयजंतूंच्या कुळातील, परंतु क्षय न करणारे आणि पाण्यामातीत वसणारे जलदवर्धी मायकोबॅक्टेरिया नळाच्या पाण्याने खंगाळलेल्या पिचकारीतून किंवा वारंवार टोचलेल्या कुपीतून शरीरात शिरतात, आणि रुग्ण ती सुई विसरून गेल्यावर, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, तापावाचून गाठ उठते, फुटते व वाहत राहते. नेहमीच्या प्रतिजैविकांना ती दाद देत नाही. पुवाची आम्लस्थायी जंतूंसाठी तपासणी झाल्यावाचून निदान होत नाही आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी औषधे महिनोन्‌महिने घ्यावी लागतात.

मराठवाड्यातील गुंतागुंतीच्या रुग्णांचा शेवटचा आसरा म्हणजे छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, ‘घाटी’ या नावानेच सर्वश्रुत असलेले रुग्णालय. तेथवर येण्याची पाळी बहुधा टळण्याजोगी असते. परंतु सुई टोचल्याखेरीज दवाखान्याची फी वसूल झाली असे रुग्णास वाटत नाही, आणि गोळीने भागेल हे ठाऊक असूनही नकार देण्याची तसदी वैद्य घेत नाही. या व्यवहारात अधिक कसूर वैद्याचीच मानली पाहिजे.

साचलेल्या पुवावर मुख्य इलाज चीर देऊन निचरा करणे हाच. नितंबातील गळू खोल असल्याने वरून नरम लागत नाही, तेव्हा सोनोग्राफी करावी. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत तर मुळीच हयगय करू नये. शिशूंस नितंबात सुई देत नाहीत, मांडीच्या पुढील-बाहेरील भागात देतात. बीसीजी लशीनंतर काही आठवड्यांनी डाव्या दंडावर उठून, किंचित पिकून आपोआप वाळणारा लहान फोड मात्र या विकारात मोडत नाही. तो चिरू नये व त्यावर काही लावू नये.