हेल्मेटची काच आणि वाफ : एका अडचणीचा इतिहास

थंडीत मोटरसायकल चालवताना हेल्मेटच्या काचेला आतून वाफ धरते ती चालकाच्याच श्वासामुळे. माणसाने सोडलेली हवा साधारण ३४ अंश सेल्सिअस तापमानाची आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. या तापमानाला एक घनमीटर हवेत सुमारे ३७ ग्रॅम पाणी बाष्परूपात राहू शकते. तीच हवा ५ अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यात जेमतेम ७ ग्रॅम मावते. उरलेले पाणी कुठेतरी उतरणारच, आणि नाकापासून चार बोटांवर असलेली थंड काच त्याला सगळ्यांत जवळची पडते. धावत्या गाडीवर बाहेरचा वारा काच सतत गार करत असतो, पण निदान झरोक्यांतून थोडी हवा आतही खेळते. सिग्नलला गाडी थांबली की तीही बंद होते आणि दोन-तीन श्वासांत समोरचा रस्ता दिसेनासा होतो. चष्मा असलेल्यांची तर दुहेरी पंचाईत होते.

पाणी मुळात पारदर्शक असते. काच पांढरट दिसते ती ते असंख्य सूक्ष्म थेंबांच्या रूपात बसल्यामुळे, कारण प्रत्येक थेंब प्रकाश आपापल्या दिशेला वळवतो. तेवढेच पाणी एकसंध पातळ थर होऊन पसरले तर आरपार दिसत राहते. स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन एटकिन आणि इंग्लंडचे लॉर्ड रेली यांनी या फरकाचा बारकाईने विचार केला होता. रेली यांनी १९११ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यावर लिहिले. काचेवरून फुंकनळीची ज्योत फिरवायची, काच गार होऊ द्यायची आणि मग तिच्यावर तोंडाची वाफ सोडायची, असा तो साधा प्रयोग होता. ज्योत जिथून गेली तिथे पांढरट पापुद्रा न येता स्वच्छ पट्टा दिसे. ज्योतीने काचेवरचा सूक्ष्म तेलकट मळ जातो आणि म्हणून पाणी थेंब न धरता पसरते, असे रेली यांचे म्हणणे होते. पुढे काचेवर चोळायची जी जी द्रव्ये निघाली, त्या सगळ्यांचे तत्त्व या पट्ट्यात होते. मोटरसायकलस्वारांपर्यंत मात्र ते पोहोचायला फार वर्षे लागली, आणि तेही इतरांच्या गरजांच्या वाटेने.

सुरुवातीच्या मोटरसायकलस्वाराला या अडचणीचा त्रास बेताचाच होता. चामड्याची टोपी आणि डोळ्यांना गॉगल, एवढाच त्याचा सरंजाम असे. इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथील धावपट्टीचे डॉक्टर एरिक गार्डनर यांनी कॅनव्हास आणि लाखेचे कडक शिरस्त्राण करवून घेतले, आणि १९१४ च्या आइल ऑफ मॅन टीटी शर्यतीत शिरस्त्राण सक्तीचे झाले. पण तेही डोक्यापुरतेच होते. नाक-तोंड उघडे असल्यामुळे श्वास वाऱ्यावर निघून जाई. हिवाळ्यात नाकावरून मफलर बांधला की मात्र तोच श्वास वर वळून गॉगलमध्ये शिरे. त्यासाठी गॉगलच्या कडांना बारीक भोके ठेवलेली असत.

खरा प्रश्न उभा राहिला तो पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत. विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसवावा लागे, आणि त्याच्या काचांवर वाफ धरली की सैनिक आंधळा होई. मुखवटा काढून काच पुसण्याची सोय नव्हती. अशा निकडीतून दोन उत्तम उपाय निघाले. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ ज्यूल तिसो यांच्या मुखवट्यात आत येणारी कोरडी हवा आधी काचांवरून वाहत जाई आणि मगच नाकापर्यंत पोहोचे. प्रत्येक श्वासाबरोबर काच आपोआप कोरडी होई. ही रचना इतकी उपयुक्त ठरली की पुढच्या पिढ्यांतील मुखवट्यांनी ती सर्रास उचलली. दुसरा उपाय जर्मनांचा होता. काचेच्या आतून जिलेटिनचा लेप असलेली पारदर्शक चकती बसवायची. जिलेटिन बाष्प शोषून घेई, त्यामुळे थेंब धरतच नसत. लेप संपृक्त झाला की चकती बदलायची. ब्रिटिश सैन्याने काचेवर चोळायचे मलम स्वीकारले, आणि दुसऱ्या महायुद्धात त्याची छोटी डबी मुखवट्याच्या पिशवीतच मिळे. हवेचा मार्ग बदलणे, बाष्प शोषणे आणि लेपाने पाणी पसरवणे हे आजच्या हेल्मेटमधले तीन उपाय असे आधी युद्धभूमीवर तयार झाले. या इतिहासातला सर्वांत कल्पक टप्पा हाच म्हणावा लागेल.

मोटरसायकलचे हेल्मेट दरम्यान वेगळ्या कारणाने बदलत होते. मे १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत असलेले मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी त्यानंतर मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास हाती घेतला. १९४१ मध्ये त्यांचा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. युद्धानंतर शर्यतींतून ते अधिक भक्कम होत गेले. अमेरिकेत बेल कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘बेल स्टार’ हे हनुवटीसह सगळा चेहरा झाकणारे हेल्मेट आणले. जबड्याला आणि दातांना त्याने मोठे संरक्षण दिले. त्याच हनुवटीच्या पट्टीने नाक, तोंड आणि काच मात्र एका कोंदट पोकळीत आणून ठेवली. खंदकातल्या सैनिकाची अडचण अर्ध्या शतकाने रस्त्यावरच्या चालकाच्या वाट्याला आली, तीही जीव वाचवणाऱ्या सुधारणेबरोबर.

काचही बदलली होती. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीचे हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक तयार केले. ते आघाताने फुटत नाही, म्हणून हेल्मेटच्या काचांसाठी तेच रूढ झाले. त्याचा दोष असा की ते मऊ असते आणि त्यावर पाणी सहज पसरत नाही, थेंबच धरते. बाहेरून ओरखडे न पडण्यासाठी कठीण लेप आणि आतून वाफ न धरण्यासाठी पाणी ओढून घेणारा मऊ लेप, अशा दोन उलट गरजा एकाच पातळ काचेवर भागवाव्या लागतात. आतला लेप म्हणूनच नाजूक असतो. तो खरखरीत फडक्याने किंवा हातमोज्याने पुसला की थोड्याच दिवसांत निकामी होतो.

१९६० च्या दशकातच आणखी दोन ठिकाणी या अडचणीवर काम झाले. अमेरिकेत बॉब स्मिथ नावाचे वेड्यावाकड्या दातांवर उपचार करणारे दंतवैद्य बर्फावर घसरण्याचे शौकीन होते. ताज्या बर्फात गॉगलला वाफ धरते म्हणून त्यांनी १९६५ च्या सुमारास दोन काचांमध्ये बंदिस्त हवा ठेवून आणि कडेला हवा खेळू देणारा फोम लावून गॉगल बनवला. पहिले नमुने घरीच, दातांच्या दवाखान्यातली हत्यारे वापरून झाले. दोन काचांमधली हवा थर्मासच्या दोन भिंतींमधल्या पोकळीसारखी काम करते. पॉलिकार्बोनेटपेक्षा हवा उष्णता आठपटीने कमी वाहून नेते, म्हणून बाहेरची काच गारठली तरी आतली काच चेहऱ्याच्या उबेने पुरेशी कोमट राहते आणि दव धरण्याच्या तापमानाखाली सहसा उतरत नाही.

दुसरी घटना पृथ्वीबाहेरची. ५ जून १९६६ रोजी जेमिनी ९ए यानातून युजीन सर्नन अवकाशात बाहेर पडले. सुमारे दोन तासांच्या त्या श्रमांत पोशाखाची थंडावा राखणारी व्यवस्था अपुरी पडली आणि शिरस्त्राणाची काच आतून इतकी धूसर झाली की त्यांना नाक घासून त्यातून पाहण्यापुरती जागा मोकळी करावी लागली. पाठीवर बांधून उडण्याच्या यंत्राची चाचणी सोडून द्यावी लागली. पुढच्या जेमिनी उड्डाणांत काचेला आतून लेप लावला गेला. नासाने तयार केलेल्या द्रावणात द्रव साबण, शुद्ध केलेले पाणी आणि ऑक्सिजनमध्ये पेट न घेणारे तेल एवढेच घटक होते. दुकानांत मिळणाऱ्या वाफरोधक फवाऱ्यांपैकी काहींचा उगम तिथला आहे.

साबणाचे तत्त्व सामान्य चालकांना त्याआधीपासून अनुभवाने ठाऊक होते. भांडी घासण्याच्या साबणाचा किंवा दाढीच्या फेसाचा पुसट हात काचेला आतून लावून ती कोरड्या मऊ कापडाने चकचकीत होईपर्यंत घासली, तर काही तास वाफ धरत नाही. साबणाने पाण्याचा पृष्ठताण घटतो आणि थेंबांऐवजी थर बनतो. पाणबुडे मुखवट्याच्या काचेत थुंकतात. कोरियाच्या जेजू बेटावरच्या पाण्यात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बायका, ज्यांना तिथे हेन्यो म्हणतात, त्या दवण्याच्या जातीतल्या एका वनस्पतीचा पाला काचेवर चोळतात. हे सगळे उपाय खरे आहेत, पण तात्पुरते, कारण जमणारे पाणीच साबण धुऊन नेते. काही उपाय मात्र टाळलेलेच बरे. टूथपेस्टने काच खरवडली जाते. अमोनिया असलेली काचपुशी किंवा पेट्रोल लावले, तर पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात आणि रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्यात फाकतो.

मोटरसायकलच्या हेल्मेटात टिकाऊ उत्तर ठरले ते दुहेरी काचेचे. हा विचार सर्वाधिक रूढ केला तो पिनलॉक या डच कंपनीने. हेल्मेटच्या मूळ काचेच्या दोन्ही टोकांना आतून एकेक छोटी पिन असते. बाष्प शोषणाऱ्या प्लॅस्टिकची पातळ पट्टी त्या दोन पिनांमध्ये अडकवायची. तिच्या कडेने सिलिकॉनची मऊ किनार असते. ती सगळीकडून काचेला टेकली की मध्ये हवेचा बंदिस्त थर तयार होतो. पिना मध्यापासून किंचित बाजूला बसवलेल्या असल्यामुळे त्या फिरवून पट्टीचा ताण कमी-जास्त करता येतो. इथे दोन जुने उपाय एकत्र आले आहेत, स्मिथ यांच्या गॉगलमधली हवेची पोकळी आणि जर्मन मुखवट्यातली बाष्प शोषणारी चकती. या पट्टीतही उणिवा आहेत. किनारीखाली एखादा केस किंवा धुळीचा कण राहिला तरी दमट हवा मध्ये शिरते आणि मग तिथली वाफ पुसायची सोय उरत नाही. रात्री समोरून येणारा दिवा दोन थरांतून कधी दुहेरी दिसतो. तरीही आजवर निघालेल्या उपायांत रोजच्या वापराला सर्वांत भरवशाचा हाच आहे.

त्याला पूरक म्हणून हेल्मेटच्या आत नाकावरून रबरी किंवा कापडी पडदा बसवतात. तो श्वास खाली वळवतो. उत्तर अमेरिकेतल्या बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलांच्या चालकांसाठी हा पडदा पुरता नाक-तोंड झाकणारा असतो आणि श्वास बाजूच्या नळ्यांतून बाहेर सोडतो. शून्याखाली वीस-तीस अंशांत तेही पुरत नाही. तेव्हा दुहेरी काचेत तापणारी तार किंवा वीजवाहक थर घालतात आणि गाडीच्या बॅटरीवर ती काच गरम ठेवतात. युरोपीय हेल्मेट नियमांत वाफरोधक काचेची वेगळी, ऐच्छिक चाचणी ठरवलेली आहे. ५० अंशांच्या पाण्याच्या वाफेवर काच धरली असता २० सेकंदांपर्यंत तिची पारदर्शकता ठरलेल्या मर्यादेखाली जाऊ नये, असा तिचा निकष आहे.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने हेल्मेट सक्तीचे केले. लडाख-हिमाचलचा प्रवास सोडला तर मराठी मुलखात कडाक्याच्या थंडीचे दिवस थोडे. इथे काचेला वाफ धरते ती जास्त करून पावसाळ्यात. माळशेज, ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, पावसाने आणि वाऱ्याने काच गार होते, आणि पाणी आत येऊ नये म्हणून झरोके बंद केलेले असतात. तिथे बावीस अंशांतही समोरचे वळण दिसत नाही. काच बोटभर उघडी ठेवणे हा सर्वत्र चालणारा उपाय, पण मुसळधार पावसात त्याने डोळ्यांत पाणी जाते आणि काचेला आतूनही थेंब लागतात. फरिदाबादच्या स्टड्सच्या एसएमके आणि बेळगावच्या व्हेगाच्या ॲक्सर या नावाखालील काही हेल्मेटांना आता पिना असलेल्या काचा मिळतात. पावसाळ्यासाठी त्याच विचारपूर्वक घ्याव्यात. आतली पट्टी दिवसभर भिजल्यावर बाष्पाने संपृक्त होते आणि मग तिच्यावर थेंब धरू लागतात. मुक्कामी पोहोचल्यावर ती काढून कोमट पाण्याने धुवावी, उन्हात किंवा हीटरजवळ न ठेवता सावलीत पूर्ण वाळवावी आणि किनार पुसून पुन्हा बसवावी.