शिशुनाळचे शरीफसाहेब

हुबळीच्या विद्यानगराहून पुणे-बंगळूर महामार्गाने दक्षिणेस गेले म्हणजे शिग्गाव तालुका लागतो. त्या तालुक्यातील शिशुनाळ या खेड्यात ३ जुलै १८१९ रोजी इमामसाहेबांच्या घरी शरीफ यांचा जन्म झाला. पेशवाई बुडून तेव्हा एकच वर्ष लोटले होते. मुंबई इलाख्याच्या या भागात पुढेही दीर्घकाळ कचेरीत व शाळेत मराठीचेच वर्चस्व राहिले. शरीफ मुलकी परीक्षा उत्तीर्ण झाले व काही काळ त्यांनी मास्तरकी केली. परंतु गाण्यासाठी त्यांनी भाषा निवडली ती शेतातली व चुलीपाशी बोलली जाणारी जवारी कन्नड.

त्यांचे गुरू कळस गावचे गोविंदभट्ट हे ब्राह्मण होते. कळस हे कुंदगोळ तालुक्यातील. ज्या कुंदगोळने पुढे मराठी रंगभूमीला सवाई गंधर्व दिले, त्याच परिसरातले. मुसलमान शिष्य व ब्राह्मण गुरू हे नाते दोन्ही समाजांस रुचले नाही. लोकनिंदेला उत्तर म्हणून गुरूंनी शिष्याच्या गळ्यात स्वतः जानवे घातले, अशी आख्यायिका आहे. शरीफ यांनी मात्र आपला जन्मधर्म लपविला नाही आणि गुरूचे नावही लपविले नाही. गावच्या देवाला स्मरून त्यांनी ‘शिशुनाळाधीश’ ही नाममुद्रा आपल्या पदांस लाविली.

या पदांतील द्रव्य पाहावे तर ते घरातलेच आहे. त्यांच्या एका प्रसिद्ध पदात पावसाळ्यात धाब्याचे घर गळत आहे व ते दुरुस्त करावयास कोणी नाही. ऐकणाऱ्या शेतकऱ्यास ते आपलेच घर वाटते. थोडा विचार करताच ते घर म्हणजे हा देह व दुर्लक्षिलेले मन, हे ध्यानी येते. दुसऱ्या पदात कोंबडी माकडास गिळते, उखळ मुसळास गिळते, भिंत चुन्यास गिळते. आणि शेवटी गायकाचा आत्माच गोविंदगुरूंच्या चरणी गिळला जातो. मराठी वाचकास येथे एकनाथांची भारुडे आठवल्यावाचून राहणार नाहीत. पंडितास जे सांगण्यास ग्रंथ लागतो, ते शरीफ हुक्का, उखळ व छप्पर यांच्या साहाय्याने सांगतात.

३ जुलै १८८९ रोजी, वयास सत्तर वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, त्यांनी देह ठेविला. शिशुनाळ येथील त्यांच्या समाधीस हिंदू व मुसलमान दोघेही जातात. पदे भजनमंडळ्यांच्या मुखी राहिली. पुढे सी. अश्वथ (१९३९–२००९) यांनी ती नव्या चालींत घरोघरी पोचविली. १९९० साली नागाभरण यांनी शरीफ यांच्यावर चित्रपट काढिला. त्यात गोविंदभट्टांची भूमिका गिरीश कार्नाड यांनी केली. नाशिक येथे जन्मलेले व म्हैसुरात वाढलेले गायक रघु दीक्षित यांनी २००८ च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेत गळक्या घराचे व हुक्क्याचे पद गिटारीच्या साथीने गायिले. अमेरिकेतही ब्रूस स्प्रिंगस्टीनसारख्यांनी गिरणीकामगारांचे व लहान गावांचे जिणे त्यांच्याच बोलीत रॉक संगीतात आणिले. देश वेगळे, वाद्ये वेगळी. परंतु साध्या माणसाचे बोलणे हेच गीताचे बळ, हा अनुभव एकच.

आपल्या घरांत मराठी बोलली जाते वा कोंकणी. परंतु ज्या मातीवर आपली देवळे उभी आहेत, तिचे हे गाणे आपणास परके मानता येणार नाही. देवळातील भजनात आपण गुरुमहिमा नित्य गातो. कळसच्या भट्टांनी तो आचरून दाखविला, आणि त्याची किंमतही मोजली. शिष्याचे कुळ विचारून त्यांनी दार लावून घेतले असते, तर धर्माची हानी टळली असे काहींनी मानले असते. आणि कर्नाटक या पदांस कायमचे मुकले असते.