दिवा घेतलेली बाई आणि तिचा चित्रकार

म्हैसूरला गेलेल्या बहुतेक मंडळींनी जगनमोहन राजवाड्यातलं ते चित्र पाहिलेलं असतं. जांभळट साडी नेसलेली एक स्त्री, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. बोटांमधून पाझरणारा तांबूस उजेड बघून पाय निघत नाही.

आणि मग हमखास कुणीतरी म्हणतं, "रविवर्म्याचं ना हे?"

नाही! राजा रविवर्मा १९०६ साली गेले आणि हे चित्र आहे १९४५-४६ च्या सुमाराचं. काढलं आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी (१८८२-१९६८). चित्राचं नाव 'ग्लो ऑफ होप'. गैरसमज होण्याचं एक कारण समजण्यासारखं आहे. त्याच राजवाड्यातल्या संग्रहालयात रविवर्म्यांची चित्रं आहेत, आणि साडीतली देखणी स्त्री म्हटली की आपल्याला दुसरं नाव सुचतच नाही.

हळदणकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली, १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. म्हणजे माणूस अजिबात अनोळखी नव्हता.

मला जास्त नवल वाटतं ते माध्यमाचं. हे तैलचित्र नाही, जलरंगातलं आहे. तैलरंगात चुकलं तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात ती सोय फारशी नाही. उजेड हवा तिथे कागद राखून ठेवायचा आणि काळोख हलक्या हाताने चढवत न्यायचा. एवढा अंधार करूनही रंग मळकट होऊ द्यायचा नाही, हे किती कठीण असेल ते जलरंग हाताळणाऱ्यांनाच विचारा.

आणि ती स्त्री कोण? कुणी राणी नाही की पुराणातली नायिका नाही. ती चित्रकाराची मुलगी गीता. वडिलांसमोर दिवा धरून उभी राहिलेली लेक. पुढे त्या कोल्हापूरला राहत. २०१८ साली वयाच्या १०२ व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की चित्रातली बाई इतकी वर्षं आपल्यातच होती.

रविवर्म्यांचं मोठेपण एका चित्राने कमी होत नाही. हळदणकरांच्या वाट्याला मात्र लोकांच्या ओळखीचं असं हे एकच चित्र आलं. तेही दुसऱ्याच्या नावावर जमा व्हावं, याचं वाईट वाटतं. तेव्हा पुढच्या वेळी कुणी हे चित्र चुकीच्या नावाने पाठवलं, तर एवढं एक नाव दुरुस्त करून पुढे पाठवा.